मणक्यांमधील गादी : विकारांचे प्रकार आणि त्यांची पारख

‘गादी सरकली’, ‘मणक्यांत गॅप पडली’, ‘नस दबली’ हे तीन शब्दप्रयोग आज घरोघरीं इतके रुळले आहेत कीं, कमरेच्या कोणत्याहि दुखण्यास त्यांपैकीं एक नांव दिलें म्हणजे निदान झालें असें आपण समजतों. वास्तविक पाहतां यांतील पहिला प्रयोग शरीररचनेस सोडून आहे. गादी वरच्या व खालच्या मणक्यांशीं इतकी घट्ट जखडलेली असते कीं, ती ताटाखालच्या पाटासारखी सरकूंच शकत नाहीं. दुसरा प्रयोग तर अगदीं उलटा आहे. जिला ‘गॅप पडली’ म्हणतात त्या विकारांत दोन मणक्यांमधील अंतर वाढत नाहीं, कमी होतें. तिसरा प्रयोग मात्र कांहीं वेळां खरा असतो, आणि तो केव्हां खरा व केव्हां खोटा हेंच ओळखावयाचें असतें.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. सर्वच दुखण्यांना एक नांव दिल्यानें दोन प्रकारचें नुकसान होतें. जें दुखणें चार आठवड्यांत आपोआप मावळावयाचें, त्याच्या भीतीनें धडधाकट माणूस महिनेच्या महिने अंथरुण धरून बसतो. आणि जें दुखणें एक दिवसहि थांबावयास तयार नसतें, त्याला तेल चोळून घरांतलीं माणसें उद्यांची वाट पाहतात. ह्या दोहोंमधील भेद कुटुंबांतील प्रत्येक मोठ्या माणसास ठाऊक असावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

गादीची घडण

आपल्या कण्यांत एकंदर ३३ मणके असतात. पैकीं शेवटचे नऊ एकमेकांस जुळून त्रिकास्थि व माकडहाड बनतें. वरचे चोवीस सुटे राहतात. कवटी व पहिला मणका, तसेंच पहिला व दुसरा मणका ह्यांच्यामध्यें गादी नसते. तेथून खालीं त्रिकास्थीपर्यंत प्रत्येक सांध्यांत एक याप्रमाणें तेवीस गाद्या असतात.

प्रत्येक गादीचे दोन भाग. बाहेरचें कडें चिवट तंतूंचें असून त्यांत कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणें पंधरा ते पंचवीस थर असतात. एका थरांतील तंतु उजवीकडे तिरपे गेले असले तर पुढच्या थरांतील डावीकडे तिरपे जातात. त्यामुळें कडें कोणत्याहि बाजूच्या पिळास तोंड देऊं शकतें. ह्या कड्याच्या आंत ताडगोळ्यासारखा मऊ, पाणीदार गाभा असतो. तारुण्यांत ह्या गाभ्याचा सुमारें चार पंचमांश भाग पाणीच असतो. दिवसभर शरीराच्या भारानें त्यांतील थोडें पाणी बाहेर दाबलें जातें व रात्रीं आडवें झाल्यावर तें पुन्हा शोषलें जातें. म्हणूनच मनुष्य सकाळीं उठतो तेव्हां संध्याकाळपेक्षां सुमारें एक टक्क्यानें उंच असतो.

गादीच्या अंतर्भागाला रक्तवाहिन्या नाहींत. वरच्या व खालच्या मणक्यांतून जो रस झिरपतो त्यावरच तिचें पोषण चालतें. म्हणून हाताची जखम जशी आठवड्यांत भरून येते तशी गादीची चीर भरून येत नाहीं. तिची दुरुस्ती फार मंदगतीनें चालते.

गादीच्या मागें मणक्यांचा पोकळ मार्ग आहे. त्यांतून मज्जारज्जु खालीं उतरतो व कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याखालीं केवळ मज्जातंतूंच्या मुळांचा झुबका लोंबत असतो. तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून त्यास अश्वपुच्छ म्हणतात. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. लेखाच्या शेवटीं त्याचें काम आहे.

विकारांचे प्रकार

पहिला प्रकार म्हणजे गादीची झीज. वयाप्रमाणें गाभ्यांतील पाणी कमी होतें, गादी चपटी होते, व दोन मणके एकमेकांजवळ येतात. साध्या क्ष-किरण चित्रांत गादी उमटतच नाहीं. मणक्यांमधील मोकळी जागा तेवढी दिसते, आणि ती मोकळी जागा म्हणजेच निरोगी गादी. ती जागा अरुंद झाली म्हणजे झीज झाली. एम्. आर्. आय्. चित्रांच्या एका प्रकारांत पाणीदार गादी पांढरी व सुकलेली गादी काळी दिसते. ‘काळी गादी’ हा शब्द अहवालांत आढळतो तो याच अर्थानें. ही झीज पिकलेल्या केसांसारखी आहे. कोणाचे लवकर पिकतात, कोणाचे उशिरां. आणि यांत घराण्याचा वांटा मोठा असतो. फिनलंडमध्यें ११५ सरूप जुळ्या भावांच्या जोड्यांच्या कण्यांची तपासणी करून १९९५ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत दोघां भावांचे व्यवसाय निरनिराळे असूनहि गाद्यांची झीज बरीचशी सारखी आढळली.

दुसरा प्रकार कड्यास पडलेली चीर. कड्याच्या बाहेरच्या थरांस संवेदना असते. तेथवर चीर पोंचली म्हणजे कमरेंत खोल ठणका लागतो. वांकतांना, बसून राहतां, खोंकतांना वा शिंकतांना तो वाढतो. पण हें दुखणें बहुधा कमरेंत व कुल्ल्यापर्यंतच राहतें. पायाच्या पावलापर्यंत उतरत नाहीं.

पुढचे प्रकार समजावून घेण्यास आपल्या स्वयंपाकघरांतील पुरणपोळीसारखा दृष्टांत नाहीं. पोळीची पारी म्हणजे गादीचें कडें आणि पुरण म्हणजे गाभा.

पारी शाबूत आहे, पण लाटतांना पोळी चोहोंकडून थोडी पसरली व कांठ ठरल्या मापाबाहेर गेला, तर तो झाला फुगवटा. अहवालांत ज्यास ‘बल्ज’ म्हणतात तो हाच. गादीच्या परिघाचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग मणक्यांच्या कडेबाहेर आलेला असला म्हणजे हें नांव देतात. वास्तविक हा पुष्कळदां रोग नसून गादीचा आकार होय.

पारी एका ठिकाणीं पातळ झाली व आंतील पुरणानें तेथें टेंगूळ आणलें, तर तो झाला उंचवटा, म्हणजे ‘प्रोट्रूजन’. येथें बाहेर आलेल्या भागाचें बूड रुंद व टोंक त्याहून अरुंद असतें.

पारी फुटली व पुरण बाहेर आलें, तर तो झाला उद्रेक, म्हणजे ‘एक्स्ट्रूजन’. येथें तोंड अरुंद आणि बाहेरील भाग रुंद, असा उलटा प्रकार असतो.

आणि बाहेर आलेलें पुरण पोळीपासून सुटून तव्यावर पडलें, तर तो झाला विलग तुकडा, म्हणजे ‘सीक्वेस्ट्रेशन’. हा तुकडा मज्जामार्गांत वर किंवा खालीं सरकूं शकतो. ‘सरकणें’ हा शब्द शोभेल तर तो या एका ठिकाणीं.

ह्या व्याख्या कोणा एका वैद्याच्या लहरीच्या नाहींत. एकाच चित्रास चार डॉक्टर चार नांवें देत, म्हणून अमेरिकेंतील तीन वैद्यकसंस्थांनीं एकत्र बसून २००१ सालीं ही परिभाषा निश्चित केली व २०१४ सालीं ती सुधारून पुन्हा प्रसिद्ध केली.

याखेरीज गाभा मागें न जातां वरच्या किंवा खालच्या मणक्याच्या अस्थींतच घुसतो, असाहि एक प्रकार आहे. ड्रेस्डेनचे विकृतिशास्त्रज्ञ गेऑर्ग श्मोर्ल ह्यांच्या नांवानें तो ओळखला जातो. तो बहुधा निरुपद्रवी असतो व दुसऱ्याच कारणासाठीं काढलेल्या चित्रांत सहज सांपडतो.

मोठा तो वाईट, असें नव्हे

ही उतरंड वाचून कोणासहि वाटेल कीं, फुगवटा सौम्य आणि विलग तुकडा भयंकर. वेदनेच्या दृष्टीनें हें बऱ्याच अंशीं खरें आहे. परंतु पुढें काय होतें तें पाहिलें तर आश्चर्य वाटतें. पूर्वीं झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेवांचून आपोआप आक्रसण्याचें प्रमाण त्यांत फुगवट्यांत १३ टक्के, उंचवट्यांत ४१ टक्के, उद्रेकांत ७० टक्के आणि विलग तुकड्यांत ९६ टक्के आढळलें. कारण असें कीं, गाभ्याचा अंश कड्याबाहेर पडला म्हणजे त्याची रक्ताशीं गांठ पडते. शरीराच्या रक्षक पेशी त्यास परका समजून खाऊं लागतात. जो अंश कड्याच्या आंतच राहतो, तेथें ह्या पेशी सहसा पोंचत नाहींत. म्हणून ‘तुकडा तुटला आहे’ हें वाक्य अहवालांत वाचून घरांत रडारड करण्याचें कारण नाहीं.

विकाराचा शोध

पायांत उतरणारी ही कळ फार पुरातन आहे. चरकसंहितेंत वातविकारांमध्यें गृध्रसीची गणना आहे. कुल्ल्यापासून निघून मांडी, गुडघा, पोटरी यांतून पावलापर्यंत जाणारी वेदना हें तिचें लक्षण. आणि रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. परंतु तिचें मूळ गादींत असतें हें फार उशिरां कळलें. शस्त्रक्रियेंत मज्जामार्गांतून जे तुकडे निघत, ते कूर्चेच्या गांठी आहेत असें शस्त्रवैद्य समजत. बोस्टन येथील मिक्स्टर व बार या दोघां शस्त्रवैद्यांनीं १९३४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, त्या गांठी नसून फुटलेल्या गादीचाच अंश होत, असें सप्रमाण दाखविलें. गादीच्या शस्त्रक्रियेचें युग तेथून सुरू झालें.

कोणती गादी, हें कसें ओळखतात

कमरेंतील गाद्यांचे उद्रेक शेंकडा नव्वदांहून अधिक वेळां शेवटच्या दोन गाद्यांत होतात. कारण शरीराचा भार व वांकण्याची क्रिया तेथेंच एकवटते. मागील बाजूस मधोमध एक अस्थिबंध असल्यामुळें गाभा बहुधा त्याच्या डाव्या वा उजव्या अंगानें बाहेर येतो. म्हणून वेदनाहि बहुधा एकाच पायांत उतरते.

कमरेच्या चौथ्या व पांचव्या मणक्यांमधील गादी बिघडली तर पोटरीच्या बाहेरच्या बाजूनें पावलाच्या वरच्या भागावर व अंगठ्याकडे मुंग्या येतात, अंगठा वर उचलण्याची शक्ति कमी होते व टांचेवर चालणें जड जातें. त्याखालची, म्हणजे त्रिकास्थीवरील, गादी बिघडली तर पोटरीच्या मागून करंगळीकडे बधिरता येते व चवड्यावर चालणें जड जातें. रोग्यास उताणें निजवून गुडघा न वांकवितां पाय हळूहळू वर उचलला असतां जर गुडघ्याखालपर्यंत कळ उतरली, तर मज्जातंतूचें मूळ चेपलें आहे असा डॉक्टरांचा तर्क होतो. ही परीक्षा लासेग ह्या फ्रेंच वैद्याच्या नांवानें प्रसिद्ध आहे. तिचें लेखी वर्णन त्याच्या शिष्यानें १८८१ सालीं केलें.

मानेंतील गाद्यांची तऱ्हा निराळी. तेथें कळ खांद्यावरून हातांत उतरते; सहाव्या मुळावर दाब असेल तर अंगठ्याकडे, सातव्यावर असेल तर मधल्या बोटाकडे. पण मानेंत मागें प्रत्यक्ष मज्जारज्जुच असतो, हें विसरूं नये. त्यावर दाब आला तर वेदना थोडी व बिघाड फार, अशी स्थिति होते. सदऱ्याचीं बटणें लावतां येईनात, सुईंत दोरा ओंवतां येईना, अक्षर बिघडलें, चालतांना पाय अडखळूं लागले, तर ‘वय झालें’ म्हणून सोडून न देतां तज्ज्ञास दाखवावें. अशा मानेस मालीशवाल्याकडून झटका देवविणें अत्यंत धोक्याचें आहे.

गादीचे नसलेले विकार

पाठीचें प्रत्येक दुखणें गादीचें नसतें. उतारवयांत मज्जामार्ग अरुंद झाला म्हणजे चार पावलें चालतांच पाय भरून येतात. बसल्यानें किंवा पुढें ओणवल्यानें बरें वाटतें. गादीच्या उद्रेकांत मात्र पुढें वांकल्यानें कळ वाढते. तरुणांत पहाटे पाठ ताठरते व हालचालीनें मोकळी होते, तेव्हां संधिदाहाचा संशय घ्यावा. वृद्ध स्त्रियांत किरकोळ हिसक्यानें मणका चेपतो, तो हाडें ठिसूळ झाल्यानें. आणि संध्याकाळचा बारीक ताप, घटतें वजन व विश्रांतीनेंहि न थांबणारी रात्रीची वेदना ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या तर मणक्यांचा क्षय नाहीं ना, हें पाहिलेंच पाहिजे. पर्सिव्हल पॉट ह्या इंग्रज शस्त्रवैद्यानें १७७९ सालीं वर्णिलेला हा रोग आपल्या देशांतून अद्याप गेलेला नाहीं, आणि औषधांनीं तो बरा होतो.

चित्र आणि माणूस

हल्लीं पाठ दुखूं लागली कीं प्रथम एम्. आर्. आय्. काढण्याकडे ओढा असतो. १९९४ सालीं अमेरिकेंत, कमरेचें दुखणें मुळींच नसलेल्या ९८ माणसांचीं अशीं चित्रें काढण्यांत आलीं. त्यांपैकीं शेंकडा ५२ जणांस निदान एका ठिकाणीं फुगवटा व शेंकडा २७ जणांस उंचवटा आढळला. सर्व गाद्या निर्दोष अशीं माणसें शेंकडा ३६ च निघालीं. वेदना नसलेल्या तीन हजारांहून अधिक माणसांच्या चित्रांचा आढावा २०१५ सालीं निघाला. त्यांत गादीची झीज विशीच्या वयांत शेंकडा ३७ व ऐंशीच्या वयांत शेंकडा ९६ जणांत दिसून आली. यावरून चित्र निरुपयोगी ठरतें असें नाहीं. उद्रेक मात्र त्या ९८ माणसांत एक टक्काच होता. तात्पर्य इतकेंच कीं, चित्रांतील दोष आणि रोग्याचीं लक्षणें एकमेकांशीं जुळलीं तरच त्या दोषास रोगाचें कारण समजावें. वेदना उजव्या पायांत आणि उंचवटा डावीकडे, असें असेल तर त्या उंचवट्याचा काय अपराध?

उपचार

कमरेंत उसण भरली म्हणजे पायाळू माणसाच्या पायाचा स्पर्श करवून घेण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. उसण बहुधा स्नायूंची असते व थोड्या दिवसांत आपोआप उतरते. यश मात्र पायाळूच्या पदरीं पडतें. परंतु जेथें गादी फुटली आहे तेथें लाथ, तुडवणें किंवा झटका यांनीं अपाय होण्याचा संभव आहे.

पूर्वीं डॉक्टरहि आठवडेच्या आठवडे निजून राहण्यास सांगत. तें मत आतां मागें पडलें आहे. हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ नोकरांवर झालेल्या प्रयोगांत, कमरेचें ताजें दुखणें असतां, झेपेल तितकें नित्याचें काम करीत राहणारे सर्वांत लवकर बरे झाले व निजून राहिलेले सर्वांत उशिरां. हा प्रयोग १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. पायांत कळ उतरणाऱ्या १८३ रोग्यांवर हॉलंडांत असाच प्रयोग होऊन १९९९ सालीं निष्कर्ष निघाला कीं, दोन आठवडे निजून राहणारे व न राहणारे या दोहोंतहि बारा आठवड्यांनीं शेंकडा ८७ जणांस सारखाच गुण आला. म्हणजे कळ असह्य असेल तर एकदोन दिवस पडावें. नंतर हळूहळू उठावें, फिरावें. वेदनाशामक औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्यावें, व कळ ओसरल्यावर पाठीचा व्यायाम शिकून घ्यावा.

शस्त्रक्रियेचें काय? हॉलंडांतच २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पायांतील तीव्र कळ सहा ते बारा आठवडे टिकलेल्या २८३ रोग्यांचे दोन गट केले होते. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांस आराम लवकर पडला. परंतु वर्षाअखेर दोन्ही गटांत शेंकडा ९५ जण बरे होते. थांबलेल्यांपैकीं शेंकडा ३९ जणांस पुढें शस्त्रक्रिया करावी लागली, हेंहि ध्यानांत घ्यावें. तेव्हां पायांतील शक्ति टिकून असेल तर वाट पाहणें किंवा शस्त्रक्रिया करणें ही निवड रोग्यानें डॉक्टरांशीं बोलून शांतपणें करण्यासारखी आहे. शक्ति दिवसेंदिवस कमी होत असेल तर मात्र वाट पाहूं नये.

ओझें उचलण्याची रीत सर्वांनींच शिकावी. जर्मनींत उल्म येथें एका स्वयंसेवकाच्या गादींत सूक्ष्म मापक बसवून दाब मोजण्यांत आला व १९९९ सालीं ते आंकडे प्रसिद्ध झाले. वीस किलोचें ओझें पाठ वांकवून उचलतांना हा दाब उभे असतांनाच्या दाबाच्या सुमारें साडेचारपट झाला. गुडघे वांकवून उचलतांना सुमारें साडेतीनपट. तेंच ओझें छातीशीं धरून उभें राहिलें असतां तो दुपटीहून थोडाच अधिक होता. भरलेला गॅसचा सिलिंडर सुमारें तीस किलोंचा असतो. तो घरांतल्या एकट्या बाईनें ओणवून ओढावा, ही रीत बंद झाली पाहिजे.

लाजेपायीं होणारा घात

आतां त्या अश्वपुच्छाकडे वळूं. क्वचित् प्रसंगीं गादीचा मोठा उद्रेक मधोमध होऊन हा संपूर्ण झुबका चेपला जातो. मग दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तता येते. घोड्यावर बसलें असतां शरीराचा जो भाग खोगिरास टेकतो तेथें, म्हणजे मांड्यांच्या आंतल्या बाजूस व गुदद्वाराभोंवतीं, बधिरता येते. लघवी तुंबते किंवा कळल्याशिवाय होते. शौचाचा ताबा सुटतो. हीं लक्षणें दिसतांच त्याच दिवशीं, मग ती मध्यरात्र असली तरी, मोठें रुग्णालय गांठलें पाहिजे. अशी शस्त्रक्रिया साधारणतः अठ्ठेचाळीस तासांच्या आंत झाली तर गेलेली शक्ति परत येण्याची आशा अधिक. उशीर झाला तर लघवीचा दोष जन्मभर राहण्याचें भय असतें.

आणि नेमकीं हींच लक्षणें आपल्या एकत्र कुटुंबांत कोणी कोणास सांगत नाहीं. सून सासूबाईंना कमरेचें दुखणें सांगते, पण लघवी होत नाहीं हें सांगत नाहीं. आजोबा पायांच्या मुंग्यांबद्दल बोलतात, पण धोतर ओलें झाल्याचें लपवितात. डॉक्टर घरीं आले तर चार माणसें भोंवतीं उभीं असतात, आणि विचारलेल्या प्रश्नास ‘तसें कांहीं नाहीं’ हेंच उत्तर मिळतें. म्हणून कमरेचें दुखणें घेऊन अंथरुणास खिळलेल्या माणसास घरांतील एका जवळच्या व्यक्तीनें एकांतांत, रोज सकाळ-संध्याकाळ, तीन प्रश्न विचारावे : लघवी नीट होते काय? बसण्याच्या जागीं स्पर्श कळतो काय? दोन्ही पायांत पूर्वींइतकी शक्ति आहे काय? हे प्रश्न विचारण्यास वैद्यकाची पदवी लागत नाहीं. मात्र तीनांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ आलें, तर सकाळ होण्याची वाट न पाहतां वाहन बोलवावें.